मऊ लोकरीचं साल

माझ्या सासूबाई हातात लोकरीचा पुंजका आला की तो आधी ओठांवरून फिरवायच्या. बोटांना घट्टे पडलेले असतात, त्यांना खरं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ओठांवरून फिरवून त्या सांगायच्या, ही मेंढी म्हातारी आहे, ही मधे आजारी होती, ही उन्हाळाभर उपाशी होती. आम्ही घोंगडी करणारे. सासरे मागावर बसायचे आणि त्यांना लागणारं सगळं सूत सासूबाईंच्या हातचं असायचं. बाकीचे कारागीर धनगरांकडून लोकर घेत. सासूबाईंनी मात्र घरच्या मेंढ्या ठेवल्या होत्या. त्या त्यांना माहेराहून आलेल्या, म्हणून मेंढ्यांबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असायचा.

सासूला आमच्यात आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. लग्न होऊन मी टेंभुर्णीजवळच्या त्या गावात आले तेव्हा आत्यांच्या वाडग्यात, म्हणजे काटेरी कुंपणात, पंचवीसएक मेंढ्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ सरला तेव्हा पाच उरल्या. पाचही माद्या. एडका एकही नाही. माझा नवरा सोलापुरात गिरणीत कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरात आम्ही तिघंच. कळप पुन्हा उभा करायचा तर एडका कुठला आणायचा, हा विषय त्या थंडीत रोज जेवताना निघायचा. मोठ्या कळपात एखादी पिढी वाया गेली तरी निभावतं. पाच मेंढ्यांच्या घरात एडका चुकला की सगळंच चुकलं.

आधी एक व्यापारी कर्नाटकाकडचा तांबडा एडका घेऊन आला. उंच, लांब पायांचा, बघत राहावं असा. आत्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि झटकला.

"ह्येच्या अंगावर काय हाय? शेळीवानी केसं. खाणाऱ्याला इका ह्येला, कातणारीला न्हको."

मग माझ्या वडलांनी निरोप पाठवला. माझं माहेर मैंदर्गीजवळ, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडलांकडे काळ्या मेंढ्यांचा जुना वाण होता. केस राठ, पण लांब आणि चिवट. त्यातला एक तरुण एडका लेकीच्या घरी द्यायचा म्हणून ते स्वतः ट्रकमधून घेऊन आले. मामांना तो बघताक्षणी आवडला. त्यांनी दोन केस उपटून बोटाला गुंडाळले, ताणले आणि म्हणाले, "ह्येचं घोंगडं दोन पावसाळं न्हाय, ईस पावसाळं जाईल."

मला वाटलं, झालं, ठरलं. पण आत्यांनी ते केस ओठांना लावले नाहीत.

त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. दुष्काळाच्या आधी आम्ही दोघी घोंगडी पोचवायला सोलापूरला गेलो होतो. तिथं एका दुकानात काचेआड एक पांढरी शाल टांगली होती. दुकानदार भला माणूस, त्यानं काढून हातात दिली. आत्यांनी ती ओठांना लावली आणि तशाच उभ्या राहिल्या, इतका वेळ की मला लाज वाटायला लागली.  परत येताना एसटीत त्या अंगठा आणि पहिलं बोट नुसतं एकमेकांवर चोळत होत्या, हवेतच सूत काढत असल्यासारख्या.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तेव्हा गावोगाव फिरून सरकारी फार्मवरचे विलायती रक्ताचे एडके थोडे दिवस वापरायला देत. आत्यांनी त्यांना गाठलं. हे मामांना कळलं ते एडका दारात उतरल्यावरच. पांढरा शुभ्र, तोंडावरसुद्धा लोकर, डोळे त्या लोकरीत बुडालेले. माझे वडील त्या दिवशी अजून आमच्याकडेच होते. ते एडक्याभोवती एकदा फिरले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "ब्याड." म्हणजे नको.

मामा जरा तापलेच. "अगं, घोंगड्याला दम लागतो. ही मऊ लोकर पावसात भिजली की चिंधी हुईल. ईणू काय मी त्येचं?"

"तीस वर्सं झाली मी केसं कातत्ये," आत्या म्हणाल्या. "आता एकदा लोकर कातू द्या मला. मग मेले तरी चालंल."

असं बोलू नये, भरल्या घरात तर नाहीच.  शेवटी मामांनीच तोडगा काढला. दोन मेंढ्या माझ्या माहेरच्या काळ्याकडे, तीन पांढऱ्याकडे. एडका परत न्यायला डॉक्टर आले तेव्हा त्यांनी आत्यांना नीट बजावून सांगितलं, "मावशी, ह्या कोकरांची लोकर दाट येणार. गवत पिकायच्या आत कातरा. उशीर करू नका." आत्यांनी मान हलवली. मी ऐकलं, मामांनीही ऐकलं.

पावसाळ्याच्या तोंडाला कोकरं झाली. दोन काळी, तीन पांढरी. काळी कोकरं जन्मल्या दिवशीच उठून धडपडत थानाला लागली. पांढऱ्यांना धरून पाजावं लागलं. पण लोकर! आत्या कोकराच्या पाठीवर फुंकर मारायच्या आणि लोकर फुलासारखी उमलायची, तळाशी गुलाबी कातडी दिसायची. मला ती कातडी बघवत नसे. फार उघडी वाटायची, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या टाळूसारखी. कुंपणाच्या काट्यांना अडकलेले पुंजके गोळा करून आत्यांनी चातीवर, म्हणजे टकळीवर, हातभर सूत काढलं. ते इतकं बारीक होतं की उन्हात धरल्याशिवाय दिसेना. मामांना दाखवलं. ते म्हणाले, "चांगलं हाय." आणि पुन्हा मागाकडे वळले. त्यांनी त्या कोकरांना तोवर एकदाही हात लावला नव्हता. एक म्हातारे धनगर बाबा आपला कळप घेऊन आमच्या दारावरून जात, ते एकदा थांबले, पांढऱ्या कोकरांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्ये हितलं न्हाय." आत्यांनी त्यांना पाणी दिलं. ते पाणी न पिताच पुढं गेले.

त्या वर्षी गवत फार चांगलं आलं. दुष्काळात माळावर नुसती खडी उरली होती, तिथं आता कमरेएवढं गवत हलत होतं. सगळं गाव खुशीत होतं. जनावरं टेकली की उठायला आळस करत, इतकी भरली होती. बायका म्हणायच्या, देवानं दोन सालांचं एकदम दिलं. पाऊस थांबला तोही अचानक. चार दिवस पूर्वेचा वारा सुटला आणि सगळा माळ हिरव्याचा पिवळा झाला. गवताच्या शेंड्यांना तांबूस शेपट्या आल्या. वारा पडला तरी ते गवत खसखसायचं. दुपारी एकटीनं तिकडे जायला मला नको वाटायचं. का, ते सांगता आलं नसतं.

कुसळ आम्हाला नवं नव्हतं. गवत पिकलं की लुगड्याच्या काठाला कुसळं लागायचीच. पण त्या वर्षी मी एक कुसळ तळहातावर घेऊन सहज थुंकी लावली आणि ते हलायला लागलं. त्याची शेपटी ओली झाली की पीळ सुटतो आणि ते गरगर फिरतं, टोकाकडून आत घुसत. तळहातावर किडा ठेवल्यासारखं वाटलं. मी ते झटकून टाकलं. त्याच सुमारास पहाटे दहिवर पडायला लागलं होतं.

नवरात्रात मामांनी कातर धार लावून आणली. "आज उरकू या."

आत्यांनी एका पांढऱ्या कोकराची लोकर दोन बोटांत मोजली. कोकराची पहिली लोकर, तिला जावळ म्हणतात, तीच सगळ्यात मऊ. "अजून बोटभर वाढू द्या. आखूड कातरली तर चातीवर टिकायची न्हाय. दिवाळी हुदे."

"डॉक्टर काय म्हनलं हुतं?"

"म्या ऐकलंय."

मामांनी काळी कोकरं कातरली आणि कातर खुंटीला लावली. त्यांना आणखी बोलता आलं असतं. पण मेंढ्या आत्यांच्या होत्या, आणि शेवटच्या शब्दाची ती रीत घरात कुणीच कधी मोडली नव्हती.

दसऱ्यानंतरची गोष्ट. भर दुपारी मी कळप वळवायला गेले तर एक पांढरं कोकरू माळावर एकटंच उभं होतं. चरत नव्हतं, बसत नव्हतं. चारी पाय ताठ, मान खाली. बाकीची पुढं निघून गेली होती तरी हलेना. मी त्याला उचलायला पोटाखाली हात घातला आणि ओरडलेच. लोकरीत हात घातला होता की बोरीच्या काट्यात, कळेना. वरून लोकर पांढरी, मऊ, फुगलेली. आत सगळी कुसळं, आणि सगळ्यांची टोकं आतल्या बाजूला. लोकर पांगवून बघितली तर त्या गुलाबी कातडीवर रक्ताचे बारीक ठिपके, शेकड्यानं.

मी त्याला उराशी धरून घरी आणलं. आत्यांनी बघितलं, खाली बसल्या, कोकरू मांडीवर घेतलं आणि काटे काढायचा चिमटा मागितला.

मामा कातर घेऊन आले. "आत्ताच्या आत्ता कातर."

"कातरली तर कुसळाचं शेंडं तुटून आतच ऱ्हातील. आधी उपटून काढत्ये."

हेही खरंच होतं. पण किती उपटणार? त्या दिवसापासून आत्या अंगणात बसायच्या त्या दिवस मावळेपर्यंत. एक कोकरू सोडायचं, दुसरं घ्यायचं. मी दुसऱ्या बाजूनं उपटायची. काळी कोकरं आमच्या शेजारी उड्या मारायची. कातरलेल्या अंगावर कुसळ थांबतच नव्हतं, अंग झाडलं की गळून पडायचं. पांढऱ्यांना आम्ही माळावर सोडणं बंद केलं, पण जी कुसळं लोकरीत होती ती होतीच, आणि रोज पहाटे दहिवरानं हवा ओली झाली की ती आणखी थोडी आत सरकायची. आदल्या दिवशी साफ केलेल्या जागी दुसऱ्या दिवशी हाताला पुन्हा टोचायचं. मग वास यायला लागला. अंगणात माश्या बसायला लागल्या. मामा मागावरून उठून माश्या हाकलायचे, आणि पुन्हा जाऊन बसायचे.

पहिलं कोकरू दिवाळीच्या आधी गेलं. दुसऱ्याच्या डोळ्यात कुसळ शिरलं होतं. डोळा आधी निळसर झाला, मग दुधासारखा पांढरा. ते आईच्या हाकेच्या उलट्या दिशेला चालायचं आणि भिंतीला धडकायचं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या सकाळी ते पायरीशी मरून पडलेलं मला दिसलं. आत्यांना उठवायच्या आधी मी त्याच्यावर पोतं टाकलं.

त्या उठून आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात पदरात गुंडाळलेला होता.

"काय झालं हाताला?"

"काय न्हाय. कुसळ गेलंय नखात. काढलंय."

"दाखवा बघू."

त्यांनी दाखवला नाही. दोन दिवस हळद-तेल लावत राहिल्या आणि डाव्या हातानं कुसळं उपटत राहिल्या. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडताना पदर बाजूला झाला आणि मी बोट बघितलं. पहिलं बोट, ज्यानं त्या सूत काढायच्या. वांग्यासारखं सुजलेलं आणि जांभळं. मनगटापासून कोपराकडे एक तांबडी रेघ निघाली होती. मी त्यांच्या काखेत हात घालून बघितलं तर अवधाण आलेलं, सुपारीएवढी गाठ.

मी मामांकडे गेले. आजवर त्यांच्यापुढं मान वर करून बोलले नव्हते. "मामा, आत्यांना आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्यायला पाहिजे. तुम्ही कोकराजवळ थांबा, मी जाते."

मामांनी एकदा आत्यांच्या हाताकडे बघितलं. "जा. गाडीवाल्याला मी सांगतो."

टेंभुर्णीच्या स्टँडपर्यंत बैलगाडीनं गेलो, तिथून एसटी. आत्यांच्या अंगात ताप होता. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकलेलं गवत पळत होतं, मैलोगणती, आणि दुपारच्या उन्हात ते इतकं सुंदर दिसत होतं की मी खिडकीकडे पाठ केली. मोहोळ मागे पडल्यावर आत्या म्हणाल्या, "तिसऱ्याचं जावळ कातराया सांग त्येंना. वाया घालवू न्हका."

"आत्या, आता लोकरीचं काय घेऊन बसलात?"

"सांग म्हनते ना."

सोलापुरात माझा नवरा गिरणीतून तसाच दवाखान्यात आला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितला आणि आमच्या तोंडाकडे बघितलं. "आणखी एक दिवस घरी ठेवला असता तर हात गेला असता. आता बोटावर भागेल." नवरा भिंतीला टेकून खाली बसला. आत्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी अंगठा आणि ते बोट जुळवायचा प्रयत्न केला. जुळेना, सूज फार होती.

"कंच्या पेरापातूर?" एवढंच त्यांनी विचारलं.

बोट दोन पेरांपर्यंत काढावं लागलं.

आम्ही परत आलो तेव्हा मामांनी तिसरं कोकरू कातरलं होतं. कातडीला जखमा झाल्या होत्या, त्यांवर त्यांनी कडूनिंबाचं तेल लावलं होतं. पण ते उभं होतं आणि खात होतं. ज्या कोकरांना त्यांनी कधी हात लावला नव्हता, त्यातल्या या एकाला त्यांनी आमच्या मागे मांडीवर घेऊन चारलं होतं, असं शेजारणीनं सांगितलं. लोकर टोपलीत भरून ठेवली होती. ती पिंजायला मी बसले तर कुसळाचे तुटके शेंडे तिच्यातून निघता निघेनात. आत्या समोर बसून बघत होत्या. मग उठल्या, टोपली उचलली आणि स्वतः जाऊन परसातल्या उकिरड्यावर ओतून आल्या. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पुढच्या थंडीत डॉक्टर पुन्हा आले. घडलेलं सगळं त्यांना कळलं होतं. ते अवघडून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, यंदा काळाच एडका ठेवा. तुमच्या सुनेच्या माहेरचा चांगला आहे."

आत्या चुलीपाशी होत्या. "पांढरा हाय का?"

 मामांनी मागावरचा हात थांबवला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही बोलेन.  मला त्या क्षणी आत्यांची भीती वाटली. बोट गेलं त्याची भीती त्यांना बसली नव्हती. त्यांना अजून ती शालच दिसत होती.

"एकाच मेंढीला," मामा शेवटी म्हणाले. "आन कातरायचं कदी ते मी ठरवनार. त्यात तुजा शब्द न्हाय चालनार."

आत्यांनी मान हलवली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात मेंढ्यांबाबत मामांचा शब्द राहिला तो त्या दिवशी, पहिल्यांदा.

त्या मेंढीला एकच पांढरं कोकरू झालं. मामांनी ते भाद्रपदातच, गवत हिरवं असताना कातरलं. आत्यांनी स्वतः पाय धरले. लोकर अर्ध्या बोटाची. मामा म्हणाले होते तसा त्यात दम नव्हता आणि आत्या म्हणाल्या होत्या तशी ती चातीवर टिकत नव्हती. आत्या अंगठा आणि मधल्या बोटानं सूत काढायच्या. हातभर निघालं की तुटायचं. जोडायच्या, पुन्हा तुटायचं. त्या चिडायच्या नाहीत. मी "द्या, मी बघते" म्हटलं तर चाती पाठीमागे लपवायच्या, लहान मूल खेळणं लपवतं तशी. हिवाळाभर त्या अंगणात, उन्हात, तोंड माळाकडे करून बसल्या. शेवटी सुताचा लिंबाएवढा गुंडा झाला. त्याचं काय विणणार? मामांनी विचारलंही नाही, आत्यांनी मागितलंही नाही.

त्यानंतर डॉक्टरांची बदली झाली आणि पांढरा एडका परत आमच्या दारात आला नाही. वाचलेल्या दोन्ही पांढऱ्या माद्यांना पुढं माझ्या माहेरच्या एडक्यापासून करडी कोकरं झाली, त्यांची लोकर मधल्या जातीची, ना फार राठ ना फार मऊ. हळूहळू सगळा कळप पुन्हा काळा झाला. सूत मी काढायला लागले. आत्या लोकर निवडून द्यायच्या आणि मी कातायची. माझं सूत मामांना चालायचं, पण आत्यांच्या हातच्यासारखं ते कधीच झालं नाही, आणि तसं कुणी म्हणालंही नाही.

पाऊस चांगला झाला, माळ भरला की गावात आजही सगळ्यांचे चेहरे उजळतात. मीही हसते त्यांच्याबरोबर. पण आश्विन लागायच्या आत आमच्या वाडग्यातली एकूण एक मेंढी कातरून झालेली असते, लोकर आखूड असो की लांब. कातरायला येणारा माणूस दरवर्षी म्हणतो, "काकू, अजून पंधरा दिस थांबला असता तर लोकर लांब निगाली असती." मी त्याला सांगते, तू कातर.